बारकीचा ओळंबा

तोंडाला साबण लावताना बारकी नेहमी भिंत धरायची. एका हाताने चेहरा चोळायचा, दुसऱ्या हाताचा तळवा भिंतीला टेकलेला. आई म्हणायची, "घट्ट धर हो, नाहीतर भिंत पळून जाईल!" बारकीला हे ऐकू जात नव्हतंच; आई ते मला ऐकवायची. आमच्या घरात बारकीला म्हणून बोललेलं सगळं आयुष्यभर मीच ऐकलं आहे, टोमण्यांसकट.

बारकी माझी धाकटी बहीण. चांगली दुडदुडायला लागली होती, आणि मेंदूच्या तापाने आडवी झाली. ताप उतरला, पोर वाचली, पण कान गेले. त्या आजारपणात आणखी काहीतरी गेलं होतं, ते आमच्या ध्यानात यायला पुष्कळ वर्षं लागली. पळणारी पोर ताप उतरल्यावर पुन्हा रांगायला लागली होती. आई म्हणाली, अशक्तपणा आहे. दूध झालं, अंडी झाली. सावकाश ती चालायला लागली, मग पळायला, मग पोहायला, आणि ते रांगणं आम्ही विसरूनही गेलो.

काही बारीकसारीक सवयी तेवढ्या उरल्या. साबणाची एक. रस्त्यात दुकानाची पाटी वाचायची झाली की ती थांबायची. चालता चालता वाचायला गेलं तर अक्षरं उड्या मारतात, असं बोटं नाचवून सांगायची. आणि दिवे गेले की असेल तिथे मटकन खाली बसायची. आम्ही म्हणायचो, अंधाराला भिते.

बाबा खाडीवरची फेरीबोट चालवायचे. या काठावरून त्या काठावर, दिवसभर. खाडीचं तोंड तिथे समुद्राला मिळत होतं, त्यामुळे वारा असला की लाटा थेट आत यायच्या. मी बोटीवर तिकिटं फाडायची. इंजिनावर एक जण होता, त्याला सगळे भोंगा म्हणायचे, कारण तो साधं "पाणी आण" म्हणाला तरी दोन्ही काठांना कळायचं. इंजिनाच्या शेजारी आयुष्य काढून त्याचे कान पार कामातून गेले होते. बारकीची आणि त्याची गट्टी होती. दोघं हातवारे करून तासन्‌तास गप्पा मारायचे आणि आम्हा ऐकणाऱ्यांकडे बघून हसायचे.

बारकीने प्रत्येकाला हाताचं नाव दिलं होतं. बाबा म्हणजे सुकाणू फिरवायचं. भोंगा म्हणजे कानावर मूठ. मी म्हणजे वेणी ओढायची. वेणी जाऊन पांढरा अंबाडा झाला, तरी माझं नाव बदललेलं नाही.

त्या वर्षी बोटीवरचा दोर सांभाळणारा म्हातारा काम सोडून लेकीकडे राहायला गेला. धक्क्याला बोट लागताना दोर फेकायचा, खुंटाला अडकवायचा, आणि पाण्याखाली बोटीच्या पंख्यात जाळं किंवा गवत अडकलं तर बुडी मारून ते कापायचं, हे त्याचं काम. बारकीची शाळा संपली होती. शिवणवर्गात तिचं मन रमत नव्हतं, आणि कारखान्यांतून "बहिरी? नको" एवढंच उत्तर मिळत होतं. तिला ही दोराची जागा हवी होती. इतकी हवी होती की रोज पहाटे उठून ती धक्क्यावर दोर फेकण्याचा सराव करायची.

बाबा विचारात होते. मग वादळाचा तो दिवस आला आणि त्यांचा विचार पक्का झाला.

बोट खाडीच्या मध्यावर होती. लाटा अशा येत होत्या की एकदा नुसतं आभाळ दिसायचं, एकदा नुसतं पाणी. कठड्याला ओळीने माणसं वाकली होती. लहानपणापासून त्या बोटीवर वाढलेली मी, पण गळ्यातली तिकिटांची पिशवी मागे सारून मीही वाकले होते. भोंगा खालून वर आला, त्याचा चेहरा कच्च्या केळ्यासारखा झाला होता. तो माझ्या शेजारी येऊन उभा राहिला आणि सगळ्या खाडीला ऐकू जाईल असं म्हणाला, "मला काही झालेलं नाही!" आणि ओकला.

बारकी दोराच्या वेटोळ्यावर बसून उकडलेलं अंडं सोलत होती. टरफलं नीट एका फडक्यात गोळा करत होती. मग तिने अंड्यावर मीठ भुरभुरलं आणि चवीने खाल्लं.

"बघा! बघा!" बाबा सुकाणूवरून ओरडले. "माझी पोर बोटीसाठीच जन्माला आली आहे!"

माझ्या दुसऱ्या बाजूला एक बाई ओकत होत्या. चांगल्या घरच्या, हातात मोठी चामड्याची बॅग. त्यांनी तोंड पुसलं, मान वर केली, आणि बारकीकडे टक लावून बघत राहिल्या.

"ही मुलगी कोण?"

"माझी बहीण."

"तिला ऐकू येतं का?"

मी चमकले. त्या फेरीत बारकी तोवर कोणाशी हातवारे करून बोललेलीही नव्हती. "नाही येत. पण तुम्हाला कसं कळलं?"

"अंड्यावरून," त्या म्हणाल्या आणि पुन्हा कठड्यावर वाकल्या.

पलीकडच्या काठाला उतरताना त्यांनी सांगितलं, त्या तिथल्या दवाखान्यात कानाच्या डॉक्टर आहेत. "दोघी या एकदा. आणि हे बघ, मी एरवी अशी दिसत नाही."

अंड्याचा आणि कानाचा काय संबंध? माझ्या डोक्यात तो भुंगा शिरला तो शिरलाच. बारकी बहिरी आणि तिला बोट लागत नाही, हे एक वेळ मान्य केलं. पण भोंगाही बहिराच की! मग त्याचा चेहरा का केळ्यासारखा झाला?

रजेच्या दिवशी आम्ही दवाखान्यात गेलो. डॉक्टरबाईंच्या खोलीत एक गोल फिरणारी खुर्ची होती, आणि टेबलावर कलिंगडाएवढा प्लास्टरचा कान, सुटे भाग होणारा. आम्ही बसेपर्यंत बारकीने तो अर्धा उघडला होता.

मी आल्या आल्या भोंग्याचं विचारलं. डॉक्टरबाई खूश झाल्या. "हा प्रश्न माझ्या विद्यार्थ्यांना सुचत नाही," म्हणाल्या. बारकीच्या हातातून त्यांनी कानाचा आतला तुकडा घेतला. एका बाजूला गोगलगाईच्या शंखासारखं वेटोळं, दुसऱ्या बाजूला तीन कमानी, एकमेकींना काटकोनात.

"कान म्हणजे एका घरातली दोन बिऱ्हाडं," त्या म्हणाल्या. "या शंखातल्या बिऱ्हाडाचं काम ऐकण्याचं. बाहेर पडदा हलतो, पडद्यामागे तीन इवलीशी हाडं हलतात, ती या शंखातलं पाणी हलवतात, आणि पाण्यात गवतासारखे बारीक केस असतात ते डोलतात. गवत डोललं की मेंदूला आवाज कळतो. तुमच्या इंजिनवाल्याने इतकी वर्षं त्या गवतावर इंजिन चालवलं. तुडवून सपाट झालं. पण शेजारचं बिऱ्हाड त्याचं शाबूत आहे."

"ते काय करतं?"

"बस खुर्चीत. डोळे मीट."

त्यांनी मला गरगर फिरवलं आणि एकदम थांबवलं. मी डोळे उघडले तर खोली उलट्या दिशेने पळत होती. उठायला गेले ती थेट खोलीतल्या कापडी पडद्यावर, पडद्यासकट कोपऱ्यात. बारकी पोट धरून हसत होती.

"तुझे डोळे आत्ता नाचत होते," डॉक्टरबाई मला उठवत म्हणाल्या. "या तीन कमानींत पाणी आहे. तू थांबलीस, पाणी थांबलं नाही. ते वाहत राहिलं, आणि मेंदूला वाटलं तू अजून फिरते आहेस. बोटीत तेच होतं. डोळे म्हणतात, फळी जागेवर आहे. कान म्हणतो, आपण वर-खाली होतो आहोत. दोघांचं भांडण लागतं आणि निस्तरावं पोटाला लागतं."

मग बारकीची पाळी. तिच्या लहानपणच्या तापाचं त्यांनी आधी विचारून घेतलं. तिला त्यांनी माझ्या दुप्पट फिरवलं. थांबवलं. बारकीचे डोळे काचेच्या गोट्यांसारखे स्थिर. ती उठली, सरळ दारापर्यंत चालत गेली, परत आली आणि हाताने खूण केली: अजून!

"तापाने हिचं अख्खं घर रिकामं केलं," डॉक्टरबाई म्हणाल्या. आता त्या हसत नव्हत्या. त्यांनी जमिनीवर एक जाड मऊ उशी ठेवली आणि बारकीला तिच्यावर उभं केलं. ती मजेत उभी राहिली. "आता डोळे मिटायला सांग."

मी खूण केली. बारकीने डोळे मिटले, आणि तोललेली फळी सोडून द्यावी तशी ती कलली. डॉक्टरबाईंनी तिच्या बगलेत हात घालून तिला धरलं, त्या तयारीतच होत्या.

साबण. भिंत. दिवे गेले की मटकन बसणं. माझ्या डोक्यात एकापाठोपाठ एक दारं उघडत गेली.

"डोळे आणि पाय, या दोघांवर तिने सगळा कारभार चालवला आहे. फार हुशार मुलगी," त्या म्हणाल्या. मग कमानींच्या खालचा एक फुगीर भाग त्यांनी दाखवला. "इथे दोन पिशव्या असतात. त्यांत दगडाची भुकटी, डोळ्यांना दिसणार नाही अशी. मान कलली की भुकटी सरकते. खाली कुठे, वर कुठे, ते त्यावरून कळतं. हिला ते कळत नाही. ती पोहते का?"

"माशासारखी! बाबा तिला बोटीवर घेणार आहेत. पंख्यात काही अडकलं तर बुडी मारायला."

डॉक्टरबाईंनी हातातला कान टेबलावर ठेवला.

"पाणी कसं असतं तिथे?"

"आत्ता स्वच्छ. पावसाळ्यात गढूळ. हात समोर धरला तर दिसत नाही."

"पाण्यात पाय टेकत नाहीत," त्या सावकाश म्हणाल्या. "आणि गढूळ पाण्यात डोळे चालत नाहीत. मग तिच्याकडे काय उरलं?"

घरी जाताना बोटीवर बारकी एकदम खुशीत होती. डॉक्टरबाईंना तिने हाताचं नाव देऊन टाकलं होतं: कठड्यावर वाकून ओकायचं. ते करून दाखवताना ती इतकी मन लावून करत होती की एका प्रवाशाने तिच्यासाठी पाणी आणलं.

रात्री जेवताना मी सगळं सांगितलं. बाबांचा घास हातातच राहिला, पण रागाने.

"जी बाई माझ्या बोटीवर आडवी झाली होती, ती मला बोट शिकवणार? पोरीला लाटेत काही होत नाही. तुला होतं, भोंग्याला होतं, मला सुद्धा पहिली दोन वर्षं होत होतं. हिला नाही! आणि म्हणे हिच्यात कमी आहे!"

"बाबा, दोन वेगळ्या गोष्टी आहेत त्या..."

"एकच कान, त्यात दोन गोष्टी कशा?"

बारकी आमच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत होती. तिने माझी वेणी ओढली: काय चाललंय? मी सांगितलं. तिचा चेहरा उतरला. तिने हात झटकले: मला वर-खाली कळतं. रोज पोहते. तू माझी जागा घालवतेस.

तिढा आईने सोडवला. तिला कानातलं काही कळलं नव्हतं, पण साबण लावताना धरलेली भिंत तिने रोज पाहिली होती. ती म्हणाली, "कमरेला दोर बांधल्याशिवाय पोरगी पाण्यात उतरली, तर बोटीवर डबा येणार नाही. तुमचाही नाही."

"पट्टीच्या पोहणाऱ्याला दोर बांधतात का? लोक हसतील!"

"उपाशी पोटी ऐका त्यांचं हसणं."

बाबा कबूल झाले, डब्यापायी. खूणही ठरली: दोराला एक झटका म्हणजे ठीक आहे, दोन झटके म्हणजे ओढा.

बारकी बोटीवर लागली. तिचा दोर कधी खुंटाला चुकला नाही. पहिला पाऊस होऊन खाडी चहासारखी झाली, तोवर तर प्रवासी तिला नावाजायला लागले होते. मग एका सकाळी मध्यावर इंजिन घुसमटलं आणि बंद पडलं. भोंगा खालून गरजला, "पंख्यात जाळं!"

बारकीने दातांत सुरी धरली. बाबांनी तिच्या कमरेला दोर बांधला, तोंड वाकडं करत. ती उतरली. मी दोराचं टोक धरून उभी होते, बाबा माझ्यामागे. दोर सरकला, पंख्यापाशी थांबला. थोड्या वेळाने जाळ्याचा एक मोठा तुकडा वर तरंगत आला.

"झालं काम," बाबा म्हणाले. "आता येईल वर."

एक झटका आला. ठीक आहे. आणि दोर माझ्या हातातून पुन्हा सरकायला लागला. वर यायचं तर तो सैल पडायला हवा होता. तो ताणला जात होता. बोटीच्या पोटाखाली, तिरका, खोल.

"बाबा, ती खाली चालली आहे."

"खाली कशाला जाईल?"

बुडबुडे बोटीच्या दुसऱ्या बाजूला फुटत होते. दोर अजून सरकत होता, चांगला जोरात, घरी जायची घाई असलेल्या माणसासारखा. बाबांनी माझ्या हातातून तो हिसकला आणि ओढायला लागले. पलीकडून विरोध झाला. ती लाथा झाडत होती, दोर उलटा खेचत होती. भोंगा धावत आला, तिघांनी मिळून ओढलं, आणि बारकी कठड्यापाशी वर आली. खोकत, लाल डोळ्यांनी, संतापलेली.

श्वास लागायच्या आधीच तिचे हात बोलायला लागले. बाबांच्या छातीवर तिने मूठ आपटली.

मला खाली का ओढलंत? मी वर येत होते!

बाबा माझ्याकडे वळले. त्यांना खूण कळली होती, तरी त्यांनी विचारलं, "काय म्हणते ती?"

मी सांगितलं. बाबा बोटीच्या फळीवर बसले. बारकीने एकदा आमच्याकडे, एकदा दोराकडे, एकदा बोटीच्या दुसऱ्या बाजूला पाण्याकडे पाहिलं. सूर्य, बोट, आम्ही, सगळं भलत्याच ठिकाणी आहे हे तिला तेव्हा दिसलं असावं. तिचे हात खाली आले.

दुसऱ्या दिवशी बाबांनी तिला बोटीवर घेतलं नाही. बारकी धक्क्यावरच्या खुंटावर जाऊन बसली, पाठ करून. बारकीशी बोलायचं तर तिने तुमच्याकडे बघायला हवं. तिने पाठ फिरवली की जगातल्या कोणाचंही तिच्यापुढे काही चालत नसे. बाबा वळसा घालून समोर गेले. ती फिरली. ते पुन्हा वळसा घालून गेले. ती पुन्हा फिरली. प्रवासी बोटीत बसून बघत होते, आणि बाबा खुंटाभोवती चकरा मारत होते. शेवटी बाबांनाच चक्कर आली आणि ते कठडा धरून उभे राहिले.

"काय रे देवा," ते मला म्हणाले, "ही अशी फिरली तरी हिला काही होत नाही!"

आणि मग, तसंच कठडा धरून, त्यांनी विचारलं, "त्या पिशव्यांत भुकटी असते म्हणालीस. कसली?"

"दगडाची. ती खाली ओढली जाते, त्यावरून कळतं."

बाबांनी मान वर केली. समोर धक्क्याची भिंत बांधायचं काम चाललं होतं. गवंड्याने दोरीला लोखंडी वजन लावून ते भिंतीशेजारी सोडलं होतं.

"ओळंबा," बाबा म्हणाले. "असं सांगायचं ना मग! पोरीचा ओळंबा हरवला आहे. आतून हरवला तर बाहेरून लावून देऊ."

त्या संध्याकाळी त्यांनी जाड दोराला खाली लोखंडाचा गोळा बांधला आणि दोरभर गाठी मारल्या. तळाशी लांब लांब, वर यावं तशा जवळ जवळ. दोन हातांनी चाचपत गेलं की डोळे मिटूनही कळावं, आपण कुठे चाललो आहोत. बुडी मारायच्या आधी हा दोर पंख्याशेजारी सोडायचा, आणि तो धरूनच खाली जायचं, वर यायचं. कमरेचा दोर होताच.

सकाळी धक्क्याशेजारी परीक्षा झाली. बारकीच्या डोळ्यांवर आईचा रुमाल बांधला. बाबा स्वतः पाण्यात उतरले, तिला खाली धरून त्यांनी दोन-तीनदा उलटंपालटं केलं, मग तिचा हात दोराला लावून सोडून दिलं. आम्ही वरून बघत होतो. दोर हलला. थांबला. मला त्या थांबण्यात तिची बोटं दिसत होती, गाठीवरून गाठीवर जाणारी. मग पाणी फुटलं आणि रुमाल बांधलेलं डोकं वर आलं, बरोबर बाबांच्या नाकासमोर. तिने रुमाल काढला आणि ओंजळभर पाणी त्यांच्या तोंडावर मारलं.

"घेतो, घेतो बोटीवर," बाबा डोळे पुसत म्हणाले. आणि मग हाताने सांगितलं, कारण पुसणाऱ्या तोंडावरून तिला काही कळलं नसतं.

खाडीवर पूल होईपर्यंत बारकीने त्या बोटीवर काम केलं. डॉक्टरबाई येता-जाता भेटायच्या. लाट असली की बारकी त्यांच्यासाठी कठड्याजवळची जागा राखून ठेवायची.

आता आम्ही दोघी एकत्र राहतो. गेल्या थंडीत मला न्हाणीघरात तोंडाला साबण लावताना एकदम जग कललं. नळ धरला म्हणून वाचले. हल्लीच्या तरुण डॉक्टरांनी तपासून सांगितलं, वय झालं आजी, दुसरं बिऱ्हाड पण आवरायला लागलं आहे. बिऱ्हाड हा शब्द माझा, त्यांचा लांबलचक होता.

हे मी बारकीला सांगितलं तेव्हा ती खोकला लागेपर्यंत हसली. मग माळ्यावर चढली, मी नको नको म्हणत असताना, आणि बाबांचा तो दोर घेऊन उतरली. गोळा तिने काढून ठेवला. तुझ्या पायावर पडेल, म्हणाली. दोराचं एक टोक न्हाणीघरातल्या आकड्याला अडकवलं, दुसरं झरोक्यातून बाहेर काढलं, स्वयंपाकघरातल्या तिच्या खुर्चीपर्यंत.

मी म्हटलं, अगं, मला वर कुठे ते कळतं, मी जमिनीवर उभी आहे. तिने हात नाचवले: तू पडलीस तर मला काय ऐकू येणार आहे?

तर आता तोंडाला साबण लागला की मी तो दोर धरते. गाठी झिजून मऊ झाल्या आहेत. जरा वेळ झाला की बाहेरून एक झटका येतो. डोळे मिटलेलेच असतात माझे. मीही एक झटका देते.